पहिल्या आवृत्तीतलं देऊळ

१

भटक्या नाहीसा होऊन एकोणीस दिवस झाले होते. त्याचं शेवटचं प्रकरण मात्र वेळेवर आलं होतं.

अकरा पानं. एक प्राचीन शिवमंदिर आणि तिथला तीन दिवसांचा रथोत्सव. सोमवारी सकाळी त्यांची मुद्रितं चाळणीबाईंच्या टेबलावर येऊन पडली. वरच्या कोपऱ्यात संपादकांनी लिहिलं होतं, 'शुक्रवारी छपाईला. खडे काढा, गहू ठेवा.'

प्रवासाची मार्गदर्शकं छापणाऱ्या त्या संस्थेत बाई तीस वर्षं एकच काम करत होत्या. छापण्याआधी प्रत्येक वाक्य खरं आहे का, ते पाहायचं. धर्मशाळेला दोन दारं असं कुणी लिहिलं, की फोन लावून दारं मोजून घ्यायची. म्हणून त्यांचं नाव चाळणी. त्यांच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची, हात लांब केला तर भिंत लागेल इतकी जवळ. ट्यूबलाईट दिवसभर चालू असायची आणि बाहेर ऊन आहे की ढग, हे बाईंना डबा खायला बाहेर पडल्यावर कळायचं.

भटक्या हे लेखकाचं टोपणनाव. अठ्ठावीस वर्षांत त्याने संस्थेला सतरा पुस्तकं दिली होती. तो जिथे असेल तिथून रोजची पानं घरी पोस्टाने पाठवायचा आणि त्याची बायको ती टाईप करून ऑफिसात आणून द्यायची. सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणायचं. भटक्याचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. मूळ कागद मागण्याच्या फंदात कुणी पडत नसे आणि टाईप झाल्यावर वहिनी ते फाडून टाकत.

या वेळी पहिल्या दोन दिवसांची पानं आली. नंतर काहीच आलं नाही आणि भटक्याही परतला नाही. शेवटचा परिच्छेद बाईंनी तीनदा वाचला.

'उद्या पहाटे कंदील मला नदीच्या वरच्या घाटावर नेणार आहे. तिथे माणूस नसतो म्हणे. पाणी खोल आहे, पण कंदीलवर माझा विश्वास आहे.'

कंदील हा त्या देवळातला गाईड. याच परिच्छेदावरून पोलिसांनी त्याला बारा दिवसांपूर्वी आत टाकलं होतं.

दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, चपला रस्त्याच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या.

"खरं-खोटं बघतात त्या तुम्हीच का?"

"हो. बसा."

"बसायला नाही आले. मी कंदीलची थोरली बहीण. तुमच्या कागदाने माझ्या भावाचा गळा धरलाय."

"कागद अजून छापलेला नाही, ताई. आणि तुमच्या भावाने स्वतःच पोलिसांना सांगितलं ना, त्यांना ओळखतो म्हणून? देऊळ दाखवलं म्हणून?"

"सांगितलं. सहीसुद्धा केली मेल्याने." तिने पदराने तोंड पुसलं. "पण बाई, त्याने त्या माणसाला जन्मात पाहिलेलं नाही."

२

"मग ओळखतो म्हणाला कशाला?"

"कारण तो गाईड आहे!"

आता ती बसली.

"बाई, देवळाच्या दारात बारा गाईड उभे असतात. गिऱ्हाईक तुमचं पुस्तक हातात धरून येतं. मग माझा भाऊ काय म्हणतो? हे पुस्तक लिहिणारे साहेब ना? त्यांना मीच देऊळ दाखवलं. बाकीचे अकराही तेच म्हणतात. याचं एवढंच बरं, की पुस्तकात कंदील हे नाव छापलेलं आहे. पोलीस साध्या कपड्यांत आले, हातात पुस्तक, आतला फोटो दाखवला. ओळखतोस का? हा म्हणाला, ओळखतो म्हणजे? माझ्या खांद्यावर हात ठेवून फिरलेत! आणि तिथेच अडकला. आता म्हणतो, मी रोजच्यासारखं बोललो. त्यावर कोण विश्वास ठेवणार?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. पुस्तकात कंदील होता हे खरं होतं. भटक्याच्या पहिल्याच पुस्तकात या देवळावर अर्धं पान होतं आणि त्यात त्या गाईडचा उल्लेख होता.

"मी वाचून दाखवते. कुठे खटकलं तर थांबवा."

'सभामंडपात शिरताच अंधार अंगावर येतो. वटवाघळांचा वास, तेलकट थंड फरशी. कंदील पुढे चालतो, हातातला दिवा उंच धरून. त्या हलत्या उजेडात खांबांवरचे यक्ष डोळे मिचकावतात.'

"थांबा. हातात कंदील?"

"तसं लिहिलंय."

"तो आमच्या वडिलांच्या हातात असायचा. त्यावरून ते कंदील, आणि त्यांच्या मागे माझा भाऊ कंदील. वडील जाऊन सोळा वर्षं झाली. आता आत ठिकठिकाणी दिवे लावलेत, दवाखान्यासारखे पांढरे. यक्षांनी डोळे मिचकावायचे दिवस गेले."

बाईंनी समासात खूण केली. "पहिल्या दिवसाबद्दल एवढंच आहे. त्या दिवशी गावात काही घडलं होतं?"

"घडलं म्हणजे? संध्याकाळी रथ शेडमधून बाहेर काढताना दोर तुटला. तीन माणसं फरफटली, एकाचा पाय गेला. दोन दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं. दोराचं काय लिहिलंय त्यांनी?"

बाईंनी अकरा पानं उलटून पाहिली. दोर नव्हता. आरडाओरडा, चिखल, बंद पडलेले भोंगे, काही नव्हतं. उत्सवासाठी गेलेल्या माणसाने उत्सव सोडून फक्त दगड लिहिले होते. चुकीचे तपशील बाईंनी पोत्याने पाहिले होते. इतके कमी तपशील भटक्याच्या पानांत त्या प्रथमच पाहत होत्या.

"पुढचं वाचते. 'देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेला निघालो. पहिल्याच भिंतीशी गोमुख आडवं आलं. शंकराचं तीर्थ ओलांडायचं नसतं. दहा पावलांत मागे फिरलो.'"

बहिणीने कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, हे कुठल्या देवळाबद्दल चाललंय?"

३

वाक्य तपासायला स्वतः जायची वेळ बाईंवर तीस वर्षांत तिसऱ्यांदा आली. त्या बहिणीबरोबरच रात्रीच्या बसला बसल्या आणि सकाळी देवळाच्या गावात उतरल्या.

उत्सव संपून गेलेलं गाव बघवत नाही. बांबूंचे सांगाडे उभे होते, वरचं कापड नेलेलं होतं. गटारात झेंडूचा काळा चिखल साचला होता. रथ शेडमध्ये होता, झालरी आणि कळस काढून घेतलेला, नुसती लाकडं आणि माणसाच्या उंचीची चाकं. नवा दोर शेजारी वेटोळं करून ठेवला होता. जुन्याचा तुटका तुकडा कुणीतरी खुंटीला टांगला होता आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे पाहून पुढे जात होता.

देऊळ काळ्या दगडाचं, पूर्वेला तोंड करून बसलेलं. किती शतकांपूर्वीचं, यावर पुस्तकांत एकमत नव्हतं. पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्या होत्या की पाऊल आपोआप त्या खळग्यात पडायचं. चपला सांभाळणारी म्हातारी बहिणीला पाहून म्हणाली, "सुटला का गं?"

"नाही अजून."

"आमच्यात तोच एक बऱ्यापैकी खोटं बोलायचा," म्हातारी म्हणाली आणि चपला कोनाड्यात सरकवल्या.

आत खरोखरच पांढरे दिवे होते. यक्ष दगडाचे दगड दिसत होते. बाई पिंडीसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, मग बाहेर येऊन डावीकडून प्रदक्षिणेला निघाल्या. हाताला थंड, ओलसर भिंत. दक्षिणेची बाजू संपली. गोमुख नाही. मागची पश्चिमेची भिंत संपली, तिथे पिंपळाचं एक रोप दगड फोडून वर आलं होतं. गोमुख नाही. कोपरा वळून त्या उत्तरेच्या बाजूला आल्या आणि तिथे ते होतं, शेवाळाने हिरवं झालेलं, खालच्या कुंडात थेंब थेंब टाकणारं.

"पहिल्या भिंतीशी म्हणे," बहीण मागून म्हणाली. "कुठल्याही देवळात गोमुख उत्तरेलाच असतं. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

 बाई गोमुखाकडे पाहत उभ्या होत्या. हेच गोमुख दुसऱ्या बाजूला असलेलं त्यांनी पाहिलं होतं. कुठे, तेही त्यांना आठवत होतं. त्यांच्याच टेबलाच्या खालच्या खणात.

४

बुधवारी सकाळी त्यांनी तो खण उघडला.

भटक्याच्या पहिल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. पान एकशे बारा. ईशान्येच्या कोपऱ्यातून काढलेला देवळाचा फोटो. फोटोत कुठे पाटी नाही, माणूस नाही, देऊळ दोन्ही अंगांनी सारखं. छापताना निगेटिव्ह उलटी लागली होती आणि उत्तरेचं गोमुख दक्षिणेला गेलं होतं. ते पान नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चाळणीबाईंनीच पास केलं होतं.

पुस्तकात भटक्याचं एक पत्र घडी करून ठेवलेलं होतं. प्रवासातूनच लिहिलेलं, कावळ्याच्या पायांनी. 'तुम्ही माझं देऊळ आरशात घातलंत. गोमुख जन्मात दक्षिणेला पाहिलंत का? सगळ्या प्रती परत बोलवा, नाहीतर माझं नाव काढा.' प्रती परत आल्या, रद्दीत गेल्या. एक बाईंनी स्वतःला टोचत राहावं म्हणून ठेवली. एक लेखकाच्या घरी होती. तिसरी कुठेच नव्हती.

म्हणजे ही अकरा पानं भटक्याची नव्हती. ज्या चुकीवरून त्याने एवढं आकांडतांडव केलं, ती त्याच्याच हातून कशी होईल?

बाई संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक नऊ वर्षांपूर्वी आलेले, टेबलावर पुस्तकाची पाचवी आवृत्ती.

"भटक्यांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाहिलं?" संपादक थबकले. "तीनेक वर्षं झाली असतील. फोनवर वहिनीच असतात. ते झोपलेत, ते बाहेर गेलेत. लेखक माणूस, आपण काय बोलणार!"

"मग या उत्सवाला त्यांना पाठवायचं कुणी ठरवलं?"

"मीच मागे लागलो. पुढच्या महिन्यात चाळीस वाचकांना त्यांच्याबरोबर याच देवळाला नेणार होतो. जाहिरात झाली होती. वहिनी आधी नाही म्हणाल्या. मी म्हटलं, या वेळी नकार चालणार नाही. मग म्हणाल्या, ते उत्सवाला एकटेच जाऊन बघून येतील, वाचकांचं नंतर बघू." त्यांनी मुद्रितांकडे बोट केलं. "आता त्यांचं शेवटचं लेखन म्हणून छापायचं आहे. आणि तुम्ही मला गोमुखाची दिशा सांगताय."

"तुम्ही पहिली आवृत्ती पाहिली आहे?"

"तुम्ही कुणाला दाखवाल तर ना!"

तळमजल्यावर फोटोवाला लेन्स पुसत बसला होता. दहा वर्षं भटक्याच्या पुस्तकांसाठी फोटो काढणारा आणि त्याच्यावर तितकाच रुसलेला.

"मला विचारू नका, बाई. दोन वर्षांपूर्वी या देवळालाच दोघांनी जायचं ठरलं होतं. स्टँडवर उभा आणि वहिनींचा फोन, ते येत नाहीत, तुम्ही जा. मी गेलो, एकट्याने फोटो काढले. या वेळी तर बोलावलंच नाही. म्हाताऱ्याला मी नकोसा झालो होतो."

"त्या फोटोंत गोमुख आहे?"

"तीन आहेत. उत्तरेच्या बाजूला सकाळी ऊन येत नाही, वैताग आला होता."

बाई जिना चढून वर आल्या. तसली चूक करायला दोन गोष्टी लागत होत्या: पहिली आवृत्ती जवळ हवी आणि देऊळ कधी पाहिलेलं नको. संपादकांकडे पहिली गोष्ट नव्हती, फोटोवाल्याकडे दुसरी.

उरलं एकच घर.

५

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. वहिनींनी दार उघडायला वेळ लावला. आधी खालची कडी वाजली, मग मधली, मग अगदी वर, चौकटीच्या टोकाला, स्टुलावर चढावं लागेल अशी एक.

"चोरांची फार भीती वाटते का, वहिनी?"

"एकटी असते ना आता."

कडी जुनी होती. तिच्यावरचा रंग हात लागून लागून गेला होता. स्टूल दाराशीच होतं.

बैठकीच्या खोलीत टाईपरायटर, त्याच्या शेजारी सतरा पुस्तकं. पहिलं सगळ्यांत जीर्ण. भिंतीवर मोठा नकाशा, त्यात लाल टाचण्या. वहिनी चहा करायला आत गेल्या आणि बाई त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कपाटाच्या प्रत्येक दारावर, साधारण उंच माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा, खरडून काढलेल्या कागदाचा पांढरा चौकोन होता. फडताळावर, पिठाच्या डब्यावर, पाण्याच्या पिंपावर.

"काय चिकटवलं होतं?"

"कुठे? ते होय. जुनी लेबलं. तीस वर्षांचं घर आहे, बाई."

"हात धुवून येते."

मोरीच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला, टांगलेल्या टॉवेलमागे, एक लेबल खरडायचं राहून गेलं होतं. वहिनींचं गोल अक्षर. 'बाहेर जायचं दार हे नाही.'

बाई परत आल्या तेव्हा चहा झाला होता. टेबलावर इस्त्री केलेले पुरुषी कपडे रचलेले होते, वरच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये सुई अडकलेली. बाईंनी कॉलर उलटून पाहिली. लाल दोऱ्याने १४ हा आकडा विणलेला होता.

"त्यांचे कपडे?"

"देऊन टाकायचे आहेत. कुणा गरिबाला."

"देऊन टाकायच्या कपड्यांवर नंबर घालतं का कुणी?"

वहिनींनी कप खाली ठेवला. 

६

"मी सांगते, तुम्ही ऐका," बाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा.

"ती अकरा पानं त्या देवळात लिहिलेली नाहीत. लिहिणाऱ्याला दोर तुटलेला माहीत नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमच्या पहिल्या आवृत्तीचा उलटा फोटो होता आणि त्यातल्या अर्ध्या पानावरचा कंदील होता. भटक्याने ते गोमुख स्वतः पाहिलंय, त्यावरून माझी सालटी काढली आहेत. ते पत्र त्याने परस्पर पाठवलं होतं, तुम्ही ते टाईप केलं नव्हतं. म्हणून चूक तुमच्या घरात अठ्ठावीस वर्षं तशीच राहिली. पानं तुम्ही लिहिलीत."

वहिनी नखाने टेबलाची कड खरवडत होत्या.

"तुम्ही त्याचं काही बरं-वाईट केलंत असं बसमध्ये माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? पण हे घर खून झालेल्याचं नाही. वरची कडी बाहेरच्यासाठी नाही, आतल्यासाठी आहे. जो माणूस समोरची कडी काढतो, पण वर बघायचं विसरतो, त्याच्यासाठी. ज्याला मोरी कुठली आणि जिना कुठला ते कळत नाही, त्याच्यासाठी लेबलं. तीन वर्षं तो कुणाला दिसलेला नाही. आणि कॉलरमध्ये नंबर घालायला लावतात ते जिथे बऱ्याच म्हाताऱ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात तिथे. वहिनी, चौदा नंबरची खोली कुठे आहे?"

वहिनींनी सदऱ्याची उलटलेली कॉलर सरळ केली.

"चार वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "आधी त्यांच्या डोक्यातून गावांची नावं गेली. मग वार-तारखा गेल्या. एकदा हे खाली दूध आणायला गेले आणि तीन तासांनी पोलीस त्यांना घेऊन आले. त्यानंतर मी वर कडी बसवली. शुद्धीत असले की म्हणायचे, कुणाला कळू देऊ नकोस, लोक म्हणतील भटक्या घरातच हरवला. मी शब्द दिला."

"आणि पुस्तकं?"

"शेवटची तीन माझी आहेत." आवाजात किंचित काही तरी चमकलं आणि विझलं. "जुन्या टिपणांवरून, वर्तमानपत्रांवरून. तुम्ही त्यांतही चुका काढल्यात. पण त्यांच्या पुस्तकांत काढायचात त्यापेक्षा कमी."

ते खरं होतं. बाईंना आठवलं.

"मग तुमच्या संपादकांनी चाळीस माणसं बांधली. मी काय करणार होते? चाळीस जणांपुढे त्यांना उभं करणार होते? वाटलं, देवाच्या दारात, उत्सवाच्या दिवसांत नाहीसे झाले म्हणून लोक नाव तरी नीट घेतील. माझा भाऊ आहे असं सांगून दुसऱ्या नावाने त्यांना आश्रमात ठेवलं. पानं लिहिली."

"आणि कंदीलला का घातलंत त्यात?"

"त्यांच्या प्रत्येक प्रकरणात एक वाटाड्या असतो. नदीवर न्यायला कुणीतरी हवं होतं." त्या पुटपुटल्या. "तेव्हाच तो म्हातारा होता, बाई. मला वाटलं, आता कुठला जिवंत असणार? मेलेल्या माणसाला कोण पकडणार?"

"पकडलेल्याला दोन आठवडे झाले."

"माहीत आहे."

"दोन आठवडे तुम्ही काय केलंत?"

वहिनींनी मान वर केली. "रोज सकाळी चपला घालत होते," त्या म्हणाल्या, "आणि रोज काढून ठेवत होते."

"त्याच्या बहिणीने माझ्यासमोर बसायलासुद्धा नकार दिला होता. ती दहा जणांच्या दारात उभी राहिली असेल. उद्या तुम्ही तिच्या गावात जाऊन ठाण्यात सगळं सांगायचं. मी लिहून घेणार नाही, तुमच्या वतीने बोलणार नाही. तुम्हीच."

"त्यांना विचारून मग जाते," वहिनी सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या.

७

आश्रम शहराच्या टोकाला होता, लांब व्हरांडा आणि सारख्या रंगाची दारं. भटक्या चौदा नंबरमध्ये पलंगाच्या कडेला ताठ बसला होता. बाईंना त्याने आदराने नमस्कार केला.

"बसा. मी इथलं लिहून घेतो आहे. खोल्या स्वच्छ. पाण्याची सोय चांगली. सोबतचे प्रवासी बोलत नाहीत फारसे. एका मुक्कामाला ठीक आहे."

"आणि जेवण?" बाईंनी विचारलं. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

"मऊ." त्याने वहिनींकडे बोट केलं. "या बाई येतात अधूनमधून. मालकीण असाव्यात. फार कष्टाळू. पण चेहरा असा का असतो कळत नाही. त्यांचा उल्लेख करीन."

वहिनींनी सदरे कपाटात ठेवले, वरचा परत काढून नीट घडी केला आणि पुन्हा ठेवला. उद्या येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. "अवश्य, अवश्य," तो म्हणाला. "जाताना दाराशी चौकशी करून जा. गाड्यांचा इथे भरवसा नाही."

गुरुवारी सकाळी कंदीलची बहीण बसस्टँडवर होती. बाईंनी फोनवर सगळं सांगितल्यावर ती म्हणाली होती, मीच न्यायला येते, ती बाई वाटेत उतरून पळेल. रात्रभर प्रवास करून आली होती आणि लगेच परतीच्या बसची तिकिटं काढून उभी होती. आकाश राखेच्या रंगाचं होतं. संपादकांनी अकरा पानं पुस्तकातून काढली होती आणि बाईंशी बोलणंही टाकलं होतं.

वहिनी छोटी बॅग घेऊन आल्या. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. बहिणीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्या?" तिने बाईंना विचारलं. "मला वाटलं, मोठी कुणीतरी असेल."

"माझं चुकलं," वहिनी म्हणाल्या.

"ते मला नका सांगू. त्याच्या बायकोला सांगा, ती दोन पोरं घेऊन घाटावर बसते रोज. लोक जाता-येता पोरांना विचारतात, बापाने साहेबाला कुठे बुडवलं रे?"

"सांगेन."

"सगळ्यांदेखत."

"सगळ्यांदेखत."

कंडक्टरने दार आपटलं. वहिनी पायरीशी थांबल्या, दांडा दोन्ही हातांनी धरला.

"किती तास लागतात?"

"दहा," बहीण म्हणाली. "तुमच्या पुस्तकात लिहिलंय की, आठ म्हणून."

"मी इतक्या लांब कधी गेले नाही."

 बहीण आधी चढली, खिडकीच्या जागेवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. वहिनी तिच्या शेजारी बसल्या. बस हलली तेव्हा त्या वाकून बाहेर बघायचा प्रयत्न करत होत्या, पण मध्ये बहिणीचा खांदा होता आणि तिने तो जरासुद्धा मागे घेतला नाही.